मासेमारीच्या कयाकवर फिश फाइंडरची बॅटरी सुरक्षित कशी बसवावी

फिश फाइंडर म्हणजे ध्वनिलहरींच्या साहाय्याने पाण्याखालचे मासे आणि खोली पडद्यावर दाखवणारे यंत्र. त्याचा पडदा आणि त्या लहरी सोडणारा व टिपणारा, पाण्यात बुडणारा ट्रान्सड्यूसर हे दोन्ही भाग पाणी सोसण्यासाठीच घडवलेले असतात. त्यांना वीज पुरवणारी १२ व्होल्टची बॅटरी मात्र बहुतेक वेळा यूपीएससाठी तयार झालेली असते आणि तिची टर्मिनल्स उघडी असतात. कयाकवर बसणारा माणूस पाण्यापासून जेमतेम वीतभर उंचीवर असतो, वल्ह्यावरून पाणी सतत निथळत राहते आणि सिट-ऑन-टॉप, म्हणजे वरच्या उघड्या पृष्ठभागावर बसण्याच्या प्रकारच्या कयाकमध्ये तर पाण्याचा निचरा व्हावा म्हणून ठेवलेल्या भोकांतूनच लाटेबरोबर पाणी वर येते. त्यामुळे बॅटरीची पेटी केवळ शिंतोडे अडवणारी असून भागत नाही. कयाक कधीतरी पालथी होणारच, असे धरून चालावे आणि त्या हिशेबाने सगळी बांधणी करावी.

बॅटरीची निवड

आपल्या यंत्राच्या माहितीपुस्तिकेत ते किती अँपिअर वीज घेते, हे आधी पाहावे. पाच इंची पडद्याचे यंत्र साधारणपणे अर्धा अँपिअर घेते, तर सात इंची यंत्र उजेड पूर्ण ठेवल्यास एक अँपिअरच्या आसपास जाते. या आकड्याला पाण्यावरच्या तासांनी गुणावे: अर्धा अँपिअर आणि आठ तास म्हणजे ४ अँपिअर-अवर. शिसे-आम्लाची सीलबंद बॅटरी वारंवार निम्म्यापेक्षा जास्त उतरवली तर लवकर निकामी होते, म्हणून ७ अँपिअर-अवरच्या बॅटरीतून साडेतीनच हिशेबात धरावे. लिथियम आयर्न फॉस्फेट प्रकारची बॅटरी जवळजवळ पूर्ण वापरता येते आणि दोन किलोंहून जड असलेल्या शिशाच्या बॅटरीच्या जागी तिचे वजन एक किलोच्या आसपास भरते. खर्च झेपत असेल तर हीच घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. परदेशातून आणायची असेल, तर १२.८ व्होल्ट आणि ७ अँपिअर-अवरची बॅटरी सुमारे ९० वॉट-अवर भरते, म्हणजे विमानात हातातल्या सामानासाठी असलेल्या १०० वॉट-अवरच्या मर्यादेत बसते. १० अँपिअर-अवरच्या बॅटरीला विमान कंपनीची परवानगी लागते. चार सेलच्या साध्या लिथियम-आयन पॅकचा विद्युतदाब पूर्ण चार्ज झाल्यावर १६.८ व्होल्ट असतो, तेव्हा यंत्राची कमाल मर्यादा वाचल्याशिवाय तो जोडू नये.

पेटी आणि तिची परीक्षा

झाकणाला रबरी गास्केट (फट बंद करणारी पट्टी) आणि घट्ट बसणारे खटके असलेली कडक प्लास्टिकची पेटी निवडावी. ७ अँपिअर-अवरची नेहमीची बॅटरी सुमारे १५१ मिलिमीटर लांब, ६५ रुंद आणि १०० उंच असते. तिच्या सर्व बाजूंनी फोम आणि वर फ्यूज मावेल, एवढी जागा उरली पाहिजे. पेटी थोडी मोठी असण्याचा आणखी एक फायदा आहे. तीन लिटर आकारमानाची बंद पेटी आतल्या सामानासह तीन किलोंपेक्षा हलकी राहिली, तर पाण्यात पडल्यावर तरंगते आणि सापडते.

ड्रिल हातात घेण्यापूर्वी रिकाम्या पेटीत कोरडा टिश्यू पेपर आणि एक दगड ठेवून ती बादलीत अर्धा तास पूर्ण बुडवून ठेवावी. बाहेर काढल्यावर पेटी आधी पुसावी आणि मगच उघडावी, नाहीतर काठावरचे पाणी आत ओघळून परीक्षेचा निकाल चुकतो. कागद कोपऱ्यात जरी ओलसर लागला तरी ती पेटी या कामाची नाही. गास्केटमध्ये अडकलेला वाळूचा एक कणही पाण्याला वाट देतो, त्यामुळे प्रत्येक वेळी झाकण लावण्याआधी गास्केटवरून बोट फिरवून पाहावे.

वायर बाहेर काढण्याची जागा

चांगल्या पेटीत पाणी शिरते ते बहुधा वायरच्या भोकातूनच. भोक पाडून त्यात सिलिकॉन भरणे हा सोपा उपाय वाटतो, पण वायर हलत राहिली की सिलिकॉन तिच्यापासून सुटते. त्याऐवजी इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळणारे पीजी-७ मापाचे नायलॉनचे केबल ग्लँड, म्हणजे नट पिळल्यावर आतले रबर केबलभोवती आवळणारी जोडणी, वापरावे. त्याला साधारण साडेबारा मिलिमीटरचे भोक लागते आणि ते ३ ते ६.५ मिलिमीटर जाडीची केबल पकडते. भोक झाकणात न पाडता पेटीच्या बाजूच्या भिंतीत, वरच्या अंगाला पाडावे. आतून लाकडाचा तुकडा टेकवून ड्रिल सावकाश चालवले, तर प्लास्टिक तडकत नाही. कडा कानसीने गुळगुळीत करून ग्लँडचे रबरी वॉशर बाहेरच्या बाजूने बसवावे.

ग्लँडमधले रबर गोल केबलभोवतीच नीट आवळले जाते. लाल आणि काळी अशा दोन सुट्या वायरी एकत्र घातल्या, तर त्यांच्यामध्ये खाच उरते आणि नट कितीही पिळला तरी तिथून पाणी झिरपते. म्हणून एकच गोल आवरण असलेली दुहेरी केबल घ्यावी. यंत्राबरोबर आलेल्या केबलचा प्लग ग्लँडमधून जात नाही, त्यामुळे तिचे मोकळे टोक बाहेरून आत ओवावे. शेवटी केबलला पेटीबाहेर खाली झुकणारा एक झोल द्यावा, म्हणजे तिच्यावरून ओघळणारे पाणी ग्लँडपर्यंत न पोहोचता मधेच टपकेल.

फ्यूज आणि जोडण्या

फ्यूज पेटीच्या आत, धन टर्मिनलपासून शक्य तितक्या जवळ असावा. तो किती अँपिअरचा हवा हे माहितीपुस्तिकेत दिलेले असते. लहान यंत्रांना बहुधा ३ अँपिअरचा फ्यूज लागतो. लहानशी बॅटरीसुद्धा शॉर्ट सर्किट झाल्यास वायर लाल होऊन वितळेल इतका प्रवाह सोडते, आणि फ्यूज लांब असेल तर बॅटरीपासून फ्यूजपर्यंतचा वायरचा तुकडा संरक्षणाशिवाय राहतो. लिथियम बॅटरीत संरक्षक सर्किट असते हे खरे. तरीही फ्यूज वगळू नये.

वायर कथिलाचा मुलामा दिलेल्या तांब्याची असावी, कारण खाडीच्या खाऱ्या हवेत साधे तांबे हिरवे पडते आणि तो गंज आवरणाखालून आत सरकत जातो. टोकांना लग (टर्मिनलला जोडायची धातूची टोके) क्रिम्प करून, म्हणजे पकडीने दाबून बसवून, त्यांवर आतून गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह (तापवल्यावर आकसणारी नळी) तापवून बसवावी. पिळून टेप गुंडाळलेला जोड कयाकवर चालणार नाही. टर्मिनल्सवर पेट्रोलियम जेलीचा पातळ थर देऊन रबरी टोप्या चढवाव्यात.

बॅटरी पेटीत हलता कामा नये. ईव्हीए फोमचे (घट्ट, लवचिक फोमचे) तुकडे तिच्या मापापेक्षा किंचित घट्ट कापून चारी बाजूंनी आणि झाकणाखाली बसवावेत, पेटी बंद करून उलटी करावी आणि जोराने हलवावी. आत खडखड ऐकू आली, तर अजून फोम हवा.

कयाकवरील जागा

बॅटरी जितकी खाली आणि मध्यरेषेच्या जितकी जवळ, तितकी कयाक स्थिर राहते. आसनामागची सामानाची खोलगट जागा बहुतेकांना सोयीची पडते, कारण मागे हात घालून प्लग काढता येतो. हॅचखाली, म्हणजे कयाकच्या वरच्या झाकणाखालील पोकळीत ठेवायची असल्यास पेटी तरीही जलरोधकच हवी. हॅचमधून थोडे पाणी झिरपतेच आणि ते तळाशी साचते.

कयाक बहुधा पॉलिइथिलीनची असते आणि या प्लास्टिकला सामान्य गोंद टिकाऊपणे चिकटत नाही. म्हणून पेटी चिकटवण्याऐवजी तिच्या दोन्ही बाजूंना कड्या असतील अशी जागा निवडून बकलचे दोन पट्टे एकमेकांना आडवे ओढून बांधावेत. कडी नव्याने बसवायची असेल तर भोक पाण्याच्या रेषेच्या वर घ्यावे, रिव्हेटखाली सागरी सीलंट लावावा आणि तळात स्क्रू मारण्याचा मोह टाळावा. जोडीला एक छोटी दोरी पेटीच्या मुठीपासून कडीपर्यंत असावी. कयाकला विजेची मोटर असेल तर फिश फाइंडर तिच्या बॅटरीवर चालवू नये. मोटरमुळे पडद्यावर रेघा आणि खोटे ठिपके उमटतात.

वापरानंतर

खाडीतून परतल्यावर पेटी बंद असतानाच गोड्या पाण्याने धुवावी आणि कोरडी झाल्यावर उघडावी. चार्जिंग नेहमी बॅटरी पेटीबाहेर काढूनच करावे, कारण शिसे-आम्लाची बॅटरी जास्त चार्ज झाली तर हायड्रोजन सोडते आणि बंद पेटीत तो साचतो. उन्हात तापलेली लिथियम बॅटरी निवल्याशिवाय चार्जरला लावू नये, आणि तिला १४.६ व्होल्टपर्यंत जाणारा तिच्याच प्रकारचा चार्जर वापरावा. पावसाळ्यात कयाक बांधून ठेवताना शिशाची बॅटरी पूर्ण चार्ज करून ठेवावी व दोन-तीन महिन्यांनी पुन्हा भरावी. लिथियमची अर्धी भरलेली ठेवावी.

पेटीत खारे पाणी शिरलेच, तर फ्यूज काढून बॅटरी सोडवावी आणि ती घराबाहेर, जळण्याजोग्या वस्तूंपासून दूर ठेवावी. लिथियम बॅटरीच्या आत मीठ गेले असेल तर ती काही तासांनी किंवा दिवसांनीही तापू शकते. बाहेरून कोरडी दिसली तरी ती पुन्हा चार्ज करू नये. ई-कचरा स्वीकारणाऱ्या केंद्राकडे ती भिजल्याचे सांगूनच द्यावी.