रसायनशास्त्राची प्राध्यापकी, घर आणि मंडळी : नव्याने येणाऱ्यांसाठी

रसायनशास्त्रात एम.एस्सी. करून महाविद्यालयात शिकवू इच्छिणारी मुले-मुली माझ्याकडे सल्ल्यासाठी येतात. काही आमच्या मंडळीतली, म्हणजे आमच्या ख्रिस्ती चर्चच्या सभासदांपैकी असतात, काही बाहेरची. नेट ही प्राध्यापकपदाची राष्ट्रीय पात्रता परीक्षा कधी द्यावी, पीएच.डी. आधी की नोकरी आधी, असे त्यांचे प्रश्न असतात. पण ज्या प्रश्नावर पुढची सगळी नोकरी अवलंबून असते, तो सहसा कोणी विचारत नाही : या व्यापात घराला आणि मंडळीला वेळ कुठून द्यायचा? अहमदनगरमध्ये, म्हणजे आताच्या अहिल्यानगरमध्ये, रसायनशास्त्र शिकवून मी साठाव्या वर्षी निवृत्त झालो, आणि माझे अनुभवाचे उत्तर असे आहे की हा वेळ पुढे कधीतरी काढू म्हणून निघत नाही. तो रुजू होतानाच राखून ठेवावा लागतो.

पात्रतेचे आधी थोडक्यात सांगतो. एम.एस्सी.ला ५५ टक्के गुण (राखीव प्रवर्गांना ५ टक्क्यांची सवलत) आणि नेट किंवा सेट (राज्य पातळीवरची तशीच परीक्षा) एवढे हवे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांतील २०२३ च्या दुरुस्तीनंतर सहायक प्राध्यापकाच्या थेट भरतीसाठी पीएच.डी. सक्तीची राहिलेली नाही. सेटमध्ये पहिला पेपर १०० गुणांचा आणि विषयाचा २०० गुणांचा असतो, आणि चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. विज्ञान विषयांच्या, म्हणजे सीएसआयआरच्या नेटमध्ये ते कापले जातात, त्यामुळे तिथे अंदाजाने उत्तर ठोकण्याची सवय महागात पडते. पात्र झाल्यावरही बहुतेकांची सुरुवात तासिका तत्त्वावर, म्हणजे घेतलेल्या तासांपुरत्या मानधनावर होते, हे घरच्यांना आधीच स्पष्ट सांगावे. आमच्या पिढीला जुने निवृत्तिवेतन मिळाले. १ नोव्हेंबर २००५ पासून सेवेत आलेल्यांसाठी अंशदायी, म्हणजे पगारातून वर्गणी कापून चालणारी निवृत्तिवेतन योजना आली, म्हणून बचतीचा विचार पहिल्या पगारापासूनच करावा.

आयोगाच्या नियमाप्रमाणे सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास अध्यापन असते, आणि हा आकडा ऐकून लोकांना ही नोकरी सोपी वाटते. रसायनशास्त्राच्या शिक्षकाचा खरा दिवस मात्र प्रयोगशाळेत जातो. द्रावणे तयार करून घेणे, विद्यार्थ्यांच्या प्रयोगवह्या (जर्नल) तपासणे, विद्यापीठाच्या परीक्षा, उत्तरपत्रिका हे सगळे आहेच. पण ज्यासाठी शिक्षकाने जातीने हजर राहिलेच पाहिजे ते म्हणजे विद्यार्थ्याच्या शेजारी उभे राहणे. पोटॅशियम परमँगनेट आणि ऑक्झॅलिक आम्लाचे अनुमापन (टायट्रेशन) घ्या, म्हणजे एक द्रावण दुसऱ्यात थेंबाथेंबाने सोडून त्याचे प्रमाण मोजणे. ब्युरेटमधले, म्हणजे तोटीच्या मापननळीतले परमँगनेटचे द्रावण इतके गडद असते की त्याच्या पृष्ठभागाची खालची कड दिसत नाही, म्हणून इथे वरच्या कडेवर वाचन घ्यायचे. खालच्या शंकुपात्रातले मिश्रण साधारण ६० ते ७० अंशांपर्यंत तापवलेले असले, तरी पहिल्या थेंबाचा रंग लवकर जात नाही. नवखा विद्यार्थी तिथेच घाबरतो. कोणी अंत्यबिंदू, म्हणजे अभिक्रिया पूर्ण झाल्याची खूण आली म्हणून थांबतो, तर कोणी तोटी मोकळी सोडतो आणि द्रावण तपकिरी गढूळ करून बसतो. अभिक्रियेत तयार होणारे मँगनीज आयन स्वतःच उत्प्रेरक असतात, म्हणून थोडे थांबले की पुढचे थेंब झटपट विरतात, आणि शेवटी फिकट गुलाबी छटा अर्धा मिनिट टिकली की वाचन घ्यायचे. हे फळ्यावर सांगून कळत नाही. त्या मिनिटाला शिक्षक शेजारी असला, तर विद्यार्थी हे जन्मभर विसरत नाही. म्हणून माझे सांगणे असे की प्रयोगशाळेतल्या वेळेत काटकसर करू नका. काटकसर करायचीच तर समित्यांच्या लांबलेल्या बैठकांत आणि स्टाफरूममधल्या गप्पांत करा.

आमच्याकडे शिक्षण आणि मंडळी यांचे नाते जुने आहे. अमेरिकन मराठी मिशनने नगरला १८३१ मध्ये काम सुरू केले, आणि डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी १९४७ मध्ये अहमदनगर कॉलेज स्थापन केले. शिकणे हीदेखील सेवाच, अशा समजुतीच्या घरात मी वाढलो. त्यामुळे रविवारची उपासना आणि त्याआधीची शब्बाथशाळा (बायबल शिकवण्याचा वर्ग) हे माझ्यासाठी कधीच फावल्या वेळाचे काम नव्हते. अडचण यायची ती मार्च-एप्रिलमध्ये, कारण प्रात्यक्षिक परीक्षा आणि ईस्टरआधीचा पवित्र सप्ताह बहुधा एकदमच येतात. उत्तम शुक्रवारची (गुड फ्रायडेची) सुट्टी असते. आदल्या दिवशी, गुरुवारी, संध्याकाळी प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाच्या स्मरणाचा विधी असतो, पण सुट्टी नसते. मी वेळापत्रक लागण्यापूर्वीच विभागप्रमुखांना भेटून त्या दिवशी सकाळची तुकडी मागून घेत असे आणि दिवाळीच्या आसपासची पर्यवेक्षणाची कामे आपणहून स्वीकारत असे. सहकाऱ्यांनी मला कधी नाही म्हटले नाही. मागणी वेळेवर आणि मोकळेपणाने केली, आणि बदल्यात दुसऱ्याचा सण सांभाळला, तर ती सवलत न वाटता शेजारधर्म वाटतो.

घराच्या बाबतीत सर्वांत अवघड काळ पीएच.डी.चा. शिक्षकांसाठीच्या अध्ययन रजेवर मी पुण्याला होतो. पत्नी, मुले आणि आई नगरला. आईचे औषधपाणी, मुलांच्या शाळा आणि स्वतःची शाळेतली नोकरी हे सगळे पत्नीने सांभाळले. प्रबंधाच्या ऋणनिर्देशात दोन ओळी लिहून हे देणे फिटत नाही. म्हणून परतल्यावर आम्ही ठरवले की रात्रीचे जेवण आणि त्यानंतरची कौटुंबिक प्रार्थना सगळ्यांनी एकत्र करायची, आणि तपासायच्या वह्या त्यानंतरच उघडायच्या. विवाहित संशोधकांना मी आग्रहाने सांगतो की मार्गदर्शक निवडताना त्यांचे शोधनिबंध पाहा, तसेच त्यांचे विद्यार्थी सुट्टीच्या दिवशी घरी जाऊ शकतात का, हेही विचारा.

मंडळीने मला पुढे खजिनदार केले, तेव्हा प्रयोगशाळेची शिस्त तिथे उपयोगी पडली. अनुमापनात तीन वाचने घेऊन जे जुळते, म्हणजे स्थिर ब्युरेट वाचन (सीबीआर), तेवढेच आपण ग्राह्य धरतो. दानार्पणाची मोजणीही आम्ही त्याच रीतीने लावली : दोघांनी स्वतंत्रपणे मोजायचे, आकडा जुळला तरच दोघांनी सही करायची. कापणीच्या सणाला आलेल्या धान्याचा आणि भाज्यांचा लिलाव झाला की त्याचा हिशेबही त्याच वहीत आणि त्याच रीतीने लिहिला जाई. कोणावर अविश्वास म्हणून हे केले नाही; देवाच्या पैशाबद्दल कोणाच्याच मनात शंका उरू नये, एवढाच हेतू होता.

विज्ञान शिकवता आणि प्रार्थनाही करता, हे कसे जमते, असे विद्यार्थी विचारत. प्रयोगाचा निष्कर्ष मी कधी प्रार्थनेने ठरवला नाही, आणि प्रार्थनेचा पुरावा परीक्षानळीत शोधला नाही. वर्गात मी रसायनशास्त्रच शिकवले. माझा विश्वास ज्यांना पाहायचा होता, त्यांनी तो माझ्या वागण्यात पाहिला असेल, अशी मला आशा आहे.

आता निवृत्तीनंतर सकाळ नातवंडांसाठी आणि आजारी सभासदांच्या भेटीसाठी असते. पाळकसाहेबांबरोबर मी घरोघरी जातो. संध्याकाळी मंडळीच्या सभागृहात बारावीच्या मुलांना रसायनशास्त्र शिकवतो, आणि त्यात सगळ्या समाजांची मुले असतात. मोलची, म्हणजे पदार्थातले कण मोजण्याच्या एककाची संकल्पना पक्की झाल्याशिवाय आम्ही पुढचे प्रकरण उघडत नाही. सेटची तयारी करणाऱ्यांनीही त्या वेळी यावे, मागच्या बाकांवर जागा असते. आणि बारावीच्या मुलाला मोल समजावून सांगता येतो का, हे तिथेच एकदा करून पाहावे.