हत्ती डाव्या सोंडेचा की उजव्या? प्राण्याचा कल कसा ओळखावा

सिद्धटेकच्या सिद्धिविनायकाची सोंड उजवी आहे असे आपण म्हणतो, तेव्हा ती देवाच्या उजवीकडे वळलेली असते. गाभाऱ्यासमोर उभ्या असलेल्या भाविकाला ती स्वतःच्या डाव्या हाताला दिसते. प्राण्याचा डावा-उजवा कल तपासू इच्छिणाऱ्याने एवढी गोष्ट आधी पक्की करावी, की बाजू प्राण्याची धरायची, पाहणाऱ्याची नव्हे. मी आमच्या मांजरीची पहिली वीस निरीक्षणे तिच्या समोर बसून टिपली आणि त्यांतली किती उलटी लिहिली गेली हेच कळेना, म्हणून सगळी खोडावी लागली. आता मी तिच्या मागे बसतो. मोबाइलवर चित्रण करायचे असल्यास मागचा कॅमेरा वापरावा, कारण पुढच्या कॅमेऱ्यात प्रतिमा पुष्कळदा आरशातल्यासारखी उलटी दिसते.

पहिली पायरी: एकच क्रिया निवडणे

‘हा प्राणी डावखुरा आहे का’ हा प्रश्न फार ढोबळ आहे. ‘गवत उपटताना हा हत्ती सोंड कोणत्या बाजूला वळवतो’ हा प्रश्न मोजता येतो. गडचिरोली जिल्ह्यातील कमलापूरच्या हत्ती कॅम्पसारख्या ठिकाणी, माहूत सांगेल तेवढे अंतर राखून, चरणारा हत्ती निवांत पाहता येतो. तो पुढच्या पायाच्या नखांनी गवताचा ठोंब सैल करतो, सोंडेचे टोक त्याभोवती डावीकडून किंवा उजवीकडून वळवून पकड घेतो, उपटतो, मुळांची माती झाडण्यासाठी जुडी पायावर आपटतो आणि मगच तोंडात घालतो. या साऱ्यात नोंदवायचा तो फक्त सोंडेचा वळसा. पाय कोणता वापरला हेही टिपण्याचा मोह होतो, पण त्यासाठी वेगळा तक्ता आणि वेगळा दिवस ठेवावा. दोडामार्ग परिसरातील रानटी हत्तींवर हा प्रयोग करायला जाऊ नये, हे वेगळे सांगायला नको.

श्रीलंकेतील ४१ रानटी आशियाई हत्तींच्या चरतानाच्या हालचालींचा अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला, त्यात हत्तीगणिक सोंडेची पसंतीची बाजू असल्याचे दिसले. माणसांत सुमारे ९० टक्के लोक उजव्या हाताचे असतात. हत्तींच्या सोंडेत असा एकतर्फी कौल दिसत नाही, काही डावे तर काही उजवे. म्हणून एका हत्तीवरून दुसऱ्याचा अंदाज बांधू नये.

दुसरी पायरी: अंगावरच्या खुणा पाहणे

सतत एकाच बाजूने काम केल्याच्या खुणा शरीरावर राहतात. सोंडेवर राठ केस असतात आणि जमिनीवर अधिक घासल्या जाणाऱ्या बाजूचे केस आखूड होतात. बर्लिनच्या संशोधकांनी २०२३ साली प्रौढ हत्तींमध्ये हा फरक दाखवून दिला. सुळ्यांचेही तसेच आहे. साल सोलायला आणि माती उकरायला जो सुळा पुढे येतो तो अधिक झिजून आखूड व बोथट होतो. आपल्याकडे मात्र ही खूण बेताचीच उपयोगी आहे. आशियाई हत्तिणीला बाहेर दिसणारे मोठे सुळे नसतात, नरांमध्येही बिनसुळ्याचे मखने असतात, आणि पाळीव हत्तीचे सुळे कापलेले असू शकतात. त्यामुळे खुणेला पुरावा न मानता पडताळ्यापुरतेच वापरावे.

तिसरी पायरी: घरच्या प्राण्यावर मोजणी

मांजरासाठी एक जड, न कलंडणारी बरणी घ्यावी, जिच्या तोंडातून पंजा जाईल पण डोके मुळीच शिरणार नाही. आत खाऊचा तुकडा टाकून बरणी मांजराच्या बरोबर नाकासमोर ठेवावी. ती जराशी डावीकडे सरकली तरी डावा पंजा जवळ पडतो आणि मग आपण मांजराला नव्हे, बरणीच्या जागेला मोजत असतो. एकाच बैठकीत मांजराने तोच पंजा सलग दहादा घातला तरी ती एकच नोंद धरावी. ते दूर जाऊन परत आल्यावर पुढची नोंद घ्यावी. दिवसाला पाच-सहापेक्षा जास्त नोंदी होत नाहीत, घाईही करू नये. कुत्र्याला खाऊ भरलेले पोकळ रबरी खेळणे द्यावे आणि ते दाबून धरायला तो कोणता पंजा ठेवतो ते पाहावे. आपल्याकडचा देशी पोपट पिंजऱ्यात ठेवणे बेकायदा आहे, पण झाडावरचा पोपट शेंग कोणत्या पायात धरून खातो हे दुर्बिणीतून सहज दिसते.

चौथी पायरी: आकड्यांचा अर्थ लावणे

किमान ५० नोंदी झाल्यावर उजव्यातून डाव्या वजा कराव्यात आणि येणाऱ्या फरकाला एकूण नोंदींच्या वर्गमुळाने भागावे. चिन्ह सोडून उत्तर १.९६ पेक्षा मोठे आले, तर कल योगायोगाचा नसावा असे संशोधक मानतात. व्यवहारात याचा अर्थ असा, की ५० पैकी ३२ वेळा तीच बाजू हवी. ३१ ला उत्तर १.७० च्या आसपास येते आणि ते पुरत नाही. ‘बहुतेक वेळा डावाच असतो’ असे छातीठोकपणे सांगणाऱ्यांची गणती इथेच अडते.

बेलफास्टमध्ये ४४ घरगुती मांजरांवर झालेल्या आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात खाऊ काढताना ७३ टक्के मांजरांनी एक पंजा स्पष्टपणे पसंत केला, तर पायरी उतरताना ७० टक्क्यांनी. बोके डावीकडे आणि मांजरी उजवीकडे झुकलेल्या दिसल्या. कोणत्या कुशीवर झोपायचे याबाबत मात्र बहुतेकांना ठाम आवड नव्हती. आमची मांजरी खाऊ काढताना ५० पैकी ३४ वेळा डावा पंजा घालते, म्हणजे बेलफास्टच्या मांजरींच्या उलट. आणि जिना उतरताना तिचे आकडे २७ आणि २३ असे आहेत, त्यामुळे त्या रकान्यात मी ‘कल नाही’ असे लिहून ठेवले आहे.