सुट्टीवर आलेल्या जवानाला अपघात झाला, तर क्लेम कसा टाकायचा

जवान सुट्टीवर येतो, मोटारसायकल काढून पाहुण्यांकडे निघतो आणि समोरून एखादी पिकअप येऊन धडकते. पाय प्लास्टरमध्ये जातो न जातो तोच पारावरून सल्ला येतो, "तुला काय काळजी, मिलिटरी बघेल सगळं." मिलिटरी उपचार बघते, पगार चालू ठेवते, हे खरं. पण सुट्टीत खासगी कामासाठी फिरताना झालेली दुखापत सेवेमुळे झाली असं सहसा धरत नाहीत आणि मग अपंगत्वाची पेन्शन अडते. (युनिटमधून मंजूर सुट्टीवर घरी येताना वाटेत अपघात झाला तर गोष्ट वेगळी, तो प्रवास सहसा ड्यूटीत धरतात.) म्हणून धडकणाऱ्या गाडीच्या मालकावर आणि विमा कंपनीवर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात क्लेम टाकायचा.

मी हवालदार क्लार्क म्हणून निवृत्त झालो. सातारा भागातल्या पोरांचे हे कागद आता मीच लावून देतो. माझा स्वतःचा क्लेम मात्र मीच घालवला होता.

१. पोलिसात नोंद करा आणि समोरच्या गाडीचा नंबर व विम्याचा कागद मिळवा.

२. त्याच दिवशी युनिटला फोन करा, जवळच्या मिलिटरी हॉस्पिटललाही कळवा. युनिटमध्ये चौकशी होते, जबाब होतो. तो जबाब आणि पोलिसांपुढचा जबाब शब्दाला शब्द नसला तरी हकिकतीला हकिकत जुळला पाहिजे. पेन्शन मिळेल म्हणून "ड्यूटीच्या कामाने चाललो होतो" असं कुणी शिकवलं तर त्याला चहा पाजून वाटेला लावा. हीच विसंगती विमा कंपनीचा वकील शोधत असतो.

३. सहा महिन्यांच्या आत अर्ज दाखल करा. या मुदतीवरून सर्वोच्च न्यायालयात वाद गेलेला आहे, पण त्याच्या भरवशावर बसू नका. अपघात कुठेही झालेला असो, तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही अर्ज चालतो. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात विचारा.

४. आता जिथे गाडं अडतं ते. उलटतपासणीत विमा कंपनीचा वकील तुमचीच पगाराची स्लिप हातात धरतो आणि विचारतो, "अपघाताच्या आधी पगार किती? आता किती?" आता तर वाढलेलाच असतो, महागाई भत्त्याने. "मग नुकसान काय झालं?" माझ्या क्लेमच्या वेळी हेच झालं आणि मी गप्प. मग त्याने राजकुमार विरुद्ध अजयकुमार हा सर्वोच्च न्यायालयाचा २०१० चा निकाल काढला. अपंगत्वाचा टक्का आणि कमाईवर होणारा परिणाम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असं तो निकाल सांगतो. त्यात उदाहरण आहे ते सरकारी क्लार्कचं! डावा हात गेला तरी त्याची नोकरी चालू राहिली, तर भावी कमाईच्या नुकसानीपोटी काही द्यायची गरजही नसेल. आणि पिंजऱ्यात उभा मीही क्लार्कच. माझ्या हातात गुडघ्याचं टक्केवारीचं सर्टिफिकेट होतं, पण ते देणाऱ्या डॉक्टरला साक्षीला बोलावलेलंच नव्हतं. वेदना, उपचार, खाणंपिणं यापोटी थोडे पैसे मिळाले, कमाईच्या खात्यात शून्य.

त्यामुळे नुसत्या टक्केवारीवर जाऊ नका. तीन गोष्टी सिद्ध करा. एक, मेडिकल कॅटेगरी, म्हणजे फौजेने ठरवलेली तुमच्या तंदुरुस्तीची श्रेणी. शेप-वन म्हणजे पूर्ण तंदुरुस्त; त्यातून खाली आलात तर मेडिकल बोर्डाचे (श्रेणी ठरवणाऱ्या डॉक्टरांच्या मंडळाचे) कागद मागवा, आणि त्या कॅटेगरीमुळे कोणतं प्रमोशन, कोणता कोर्स, कोणती पोस्टिंग अडली हे युनिटच्या किंवा रेकॉर्ड ऑफिसच्या साक्षीदाराकडून वदवून घ्या. दोन, निवृत्तीनंतरची नोकरी. शिपाई पस्तिशी-चाळिशीत घरी येतो आणि त्यापुढची वीस वर्षं सिक्युरिटीत, ड्रायव्हिंगवर नाहीतर शेतात कमावतो. वाकत नसलेला गुडघा खरा नडतो तो तिथे. हा मुद्दा अर्जातच लिहा, नंतर आठवला तर उपयोग नाही. तीन, डॉक्टर. सर्टिफिकेट देणारा डॉक्टर साक्षीला आलाच पाहिजे. येत नसेल तर समन्स काढा. उपचारात खर्ची पडलेली सुट्टीही मागा, ती फुकटची नव्हती.

यातून किती फरक पडतो ते पाहा. वय ३२, करवजा पगार महिना ४५,००० रुपये. वर्षाचे ५,४०,०००. कायम नोकरी आणि चाळिशीच्या आतलं वय म्हणून त्यात ५० टक्के वाढ धरली की ८,१०,०००. वयाप्रमाणे ठरलेल्या आकड्याने, म्हणजे गुणकाने, याला गुणायचं; या वयाला गुणक १६, म्हणजे १,२९,६०,०००. कमाईवरचा परिणाम ५ टक्के धरला तर ६,४८,०००, १५ टक्के पटवून दिला तर १९,४४,०००.

५. बिलं. मिलिटरी हॉस्पिटलात बिल नसतं म्हणून लोक हा रकाना कोराच सोडतात. सोबत राहिलेल्या माणसाचं जेवणखाण, गाडीभाडं, अपघातानंतर पहिल्या रात्री खासगी दवाखान्यात भरलेले पैसे, सगळ्याच्या पावत्या ठेवा.

६. लोकअदालतीत तडजोडीचा आकडा येईल. तिथे सही केली की अपील नाही. कॅटेगरी अजून तात्पुरती असेल आणि पुढचा बोर्ड बाकी असेल, तर सही करू नका. माझ्या गावातल्या एका पोराने घराच्या स्लॅबसाठी घाई केली, आणि पुढच्याच बोर्डात त्याची कॅटेगरी कायमची खाली गेली. अर्ज सहा महिन्यांत टाकायचा, पण हिशेब बोर्डाचा अखेरचा कागद हातात आल्यावरच मिटवायचा.