‘टाळ्या वाजवणे’ : लिहिताना या चुका टाळा

कार्यक्रमांच्या वृत्तान्तात सर्वांत जास्त दिसणारी चूक एका टिंबाची आहे : ‘टाळ्याचा कडकडाट’. टाळी स्त्रीलिंगी, अनेकवचन टाळ्या; पण प्रत्यय लागला की ‘टाळ्यां’ होते. म्हणून टाळ्यांचा कडकडाट, टाळ्यांच्या गजरात. टिंब गाळले की उरते ते ‘टाळे’ या शब्दाचे रूप, जसे टाळ्याची किल्ली. म्हणजे कडकडाट कुलपाचा झाला! मजकूर पाठवण्यापूर्वी ‘टाळ्याचा’, ‘टाळ्याच्या’, ‘टाळ्यानी’ एवढी तीन रूपे शोधून पाहा, बहुतेक चुका तिथेच सापडतील.

उलटी गफलतही होते. ‘संपामुळे दुकानांना टाळी लागली’ हे वाक्य बरोबर आहे, कारण टाळे या शब्दाचे अनेकवचन टाळी. तिथे ‘टाळ्या लागल्या’ अशी दुरुस्ती करू नका.

क्रियापदाकडे वळू. ‘प्रेक्षकांनी टाळ्या वाजवले’ चूक. कर्त्याला ‘नी’ लागला की क्रियापद टाळ्यांप्रमाणे चालते : टाळ्या वाजवल्या, एकच असेल तर टाळी वाजवली. ‘प्रेक्षकांनी टाळ्या वाजल्या’ हेही चूक. वाजणे अकर्मक आहे, त्यामुळे ‘सभागृहात टाळ्या वाजल्या’ एवढेच म्हणता येते.

टाळ्या वाजवतात प्रेक्षक, घेतो तो नट किंवा वक्ता, आणि पडतात त्या वाक्याला. ‘प्रेक्षकांनी टाळ्या घेतल्या’ लिहिले की सगळा व्यवहारच उलटतो. ‘टाळी देणे’ आणखी वेगळे : विनोद जमल्यावर मित्राच्या तळव्यावर तळवा मारतो ती. राजकीय बातम्यांत एका पक्षाने दुसऱ्याला दिलेली टाळी म्हणजे युतीचा हात.

‘दाद’ जपून वापरा. गाण्याला दाद देतात, न्यायालयात दाद मागतात. ‘रसिकांनी दाद मागितली’ म्हणजे रसिकांची तक्रार होती. ‘टाळ्या पिटल्या’ या प्रयोगात हेटाळणीची छटा येते, सत्काराच्या बातमीत तो नको. ‘ब्रह्मानंदी टाळी लागली’ इथे तर हात वाजतच नाहीत. ही टाळी म्हणजे तंद्री, समाधी.

मैफलीबद्दल लिहिताना ‘श्रोत्यांनी ताल धरला’ आणि ‘टाळ्या वाजवल्या’ एकच समजू नका. ताल धरणारा हाताने मात्रा, म्हणजे तालाचे ठोके, मोजत असतो. तीनताल या तालाच्या 16 मात्रांत 1, 5 आणि 13 वर टाळी येते, 9 वर ‘खाली’, म्हणजे रिकामी जागा. तिथे हात वाजत नाही. कौतुकाच्या टाळ्यांना असा हिशेब नसतो.