नवी लोकल आणताना या चुका टाळा

मुंबईसाठी 238 एसी लोकल मंजूर आहेत: एमयूटीपी-3 (मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पाचा तिसरा टप्पा) मधल्या 47 आणि 3-अ मधल्या 191. पहिली मंजुरी 2016 ची, दुसरी 2019 ची. निविदेचं स्वरूप मधल्या काळात इतक्यांदा बदललं की आता गाडी दिसेल तेव्हाच खरं. पण गाडी आली की पुढे काय होतं ते आपल्याला पाठ आहे. नारळ फुटतो, झेंडूच्या माळा चढतात, केबिनपाशी फोटो होतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फलाटावर भांडण लागतं.

भांडण गाडीशी नसतं. गर्दीच्या वेळी आपल्या रुळांवर रिकामी जागाच नाही, त्यामुळे नवी गाडी कुणाच्या तरी रोजच्या गाडीच्या जागी येते. कुणाच्या जागी, हे आधी विचारलं जात नाही. खालच्या बहुतेक चुका याच एका चुकीच्या पोटातून निघाल्या आहेत.

बदललेली गाडी ‘वाढीव फेरी’ म्हणून खपवणं

19 ऑगस्ट 2022 ला मध्य रेल्वेने मुख्य मार्गावर एसीच्या दहा फेऱ्या वाढवल्या. एसीच्या हिशेबात ती वाढ होती. पण त्या वेळांच्या साध्या लोकल गेल्या, त्यामुळे सेकंड क्लासचा पास असलेल्या माणसाच्या हिशेबात ती कपात होती. कळव्यात लोकांनी कारशेडमधून निघालेली एसी लोकल अडवली. बदलापुरात स्टेशन मास्तरांच्या दाराशी गर्दी झाली. 25 तारखेपासून त्या दहाही फेऱ्या मागे घ्याव्या लागल्या.

कळवा इतकं का पेटलं, हे नीट समजून घ्यायला हवं. कल्याणकडून येणारी गाडी कळव्याला पोचेपर्यंत डोंबिवली, दिवा, मुंब्र्याने भरलेली असते आणि फास्ट गाड्या तिथे थांबत नाहीत. म्हणून कारशेडमधून रिकामी निघणारी गाडी हा कित्येक कळवेकरांचा सकाळचा आधार. (शेडमध्ये शिरून गाडी पकडणं बेकायदा आहे, हे त्यांनाही माहीत आहे.) पण वेळापत्रकात ही गाडी प्रवाशांसाठी ठाण्याहून सुटते. नोंदीत कळव्याचं नावच नाही. वेळापत्रक करणाऱ्याने प्रामाणिकपणे आकडे पाहून ती फेरी बदलायला निवडली, तरी ती कुणाची गाडी आहे हे त्याला कागदावर दिसणारच नाही. बदलायची फेरी ठरवण्याआधी चार-पाच दिवस त्या गाडीने फिरायचं, कोण कुठे चढतं आणि कुठे उतरतं ते पाहायचं. तिकीटविक्रीच्या तक्त्यातून हे कळत नाही.

बदली करायचीच असेल तर एसी गाडीच्या आगेमागे पाच-सात मिनिटांत, त्याच थांब्यांची साधी गाडी हवी. अंबरनाथची फास्ट काढून तिच्या जागी एसी दिली आणि “मागून कर्जत आहे ना” असं सांगितलं, तर ते उत्तर होत नाही. मागची कर्जत आधीच भरून आलेली असते.

भाड्याचंही तसंच. मे 2022 मध्ये एसीच्या एकेरी तिकिटाचं भाडं निम्म्यापर्यंत खाली आलं आणि एसी लोकलमधली गर्दी दिसू लागली. पासाला मात्र तशी सवलत तेव्हा मिळाली नाही. रोजचा मुंबईकर पासावर चालतो. ज्याची गाडी बदलली त्याला नव्या गाडीत बसणं परवडतं का, हे उद्घाटनाआधी तपासायला हवं. माझ्या मते एसीवरचा निम्मा राग थंड हवेच्या किमतीचा आहे.

दरवाजा बंद व्हायला लागणारा वेळ न धरणं

साधी लोकल सुटते तेव्हा माणसं दारात लोंबकळत असतात, तरी गाडी सुटते. बंद दरवाज्याची गाडी तशी सुटू शकत नाही. कुणाची पाठीवरची बॅग दारात अडकली, कुणी मित्रासाठी हात घालून दार धरलं, की बारा डब्यांची गाडी उभी. घाटकोपरला सकाळी मेट्रोतून उतरलेला लोंढा एकाच टोकाला लोटतो. तिथे दार दोनदा बंद होऊन तिसऱ्यांदा उघडतं, आतले “अहो, आत सरका” म्हणत राहतात आणि बाहेरचे सरकण्याची वाट पाहत नाहीत.

हिशेब सोपा आहे. ठाणे ते सीएसएमटी स्लो मार्गावर मध्ये 17 थांबे. प्रत्येक थांब्यावर फक्त दहा सेकंद जादा गेली, तर 170 सेकंद होतात, म्हणजे जवळजवळ तीन मिनिटं. गर्दीच्या वेळी दोन लोकलमधलं अंतर साधारण तेवढंच असतं. ती एक गाडी उशिरा धावतेच, शिवाय मागची रांग सिग्नलवर अडकते आणि शिव्या मोटरमनला बसतात.

9 जून 2025 ला मुंब्र्याजवळ लोकलमधून माणसं पडून मेली. त्यानंतर साध्या लोकललाही आपोआप बंद होणारे दरवाजे बसवायचं जाहीर झालं: हवेसाठी दारात झडपा, छपरावर हवा खेळवणारी यंत्रणा, डब्यातून डब्यात जायला वाट. हे व्हायलाच हवं. पण आज दाराबाहेर जी माणसं लटकून जातात, ती दार बंद झाल्यावर फलाटावर उरणार, आणि त्यांच्यासाठी मागून गाडी हवी. गाडीची क्षमता मोजताना फूटबोर्डवरची माणसं कुठल्याच रकान्यात नसतात. त्यांना मोजलं नाही तर सुरक्षित गाडी येईल आणि दादरचा फलाट असुरक्षित होईल. आधी सिग्नल यंत्रणा सुधारून दोन गाड्यांमधलं अंतर कमी करायचं आणि मग दरवाजे, की दोन्ही एकदम, हे तारखांसकट ठरवून ठेवा.

टेप न लावता गाडी मागवणं

पहिली एसी लोकल एप्रिल 2016 मध्ये मुंबईत आली आणि कुर्ला कारशेडला उभी राहिली. धावायची होती मध्य रेल्वेवर. पण कुर्ला ते सीएसएमटी दरम्यानच्या जुन्या, ठेंगण्या पुलांखालून ती उंची चालेना. शेवटी ती पश्चिम रेल्वेला गेली आणि 25 डिसेंबर 2017 ला बोरिवलीहून चर्चगेटला निघाली. मध्य रेल्वेच्या वाट्याला पहिली एसी 2020 च्या जानेवारीत आली, तीही ट्रान्स-हार्बरवर, म्हणजे ठाण्याहून नवी मुंबईकडे जाणाऱ्या मार्गावर. त्याच वर्षी डिसेंबरात मुख्य मार्गावर. ते पूल गाडीपेक्षा कितीतरी जुने होते, एका रात्रीत ठेंगणे झाले नव्हते.

लांबीचीही तीच गत. 15 डब्यांची गाडी म्हणजे 12 डब्यांपेक्षा पाव पट जास्त जागा, तीही नवी फेरी न लावता. मुंबईत गर्दीवर याहून स्वस्त औषध नाही असं मला वाटतं. पश्चिम रेल्वेवर ती 2009 पासून आहे, मध्य रेल्वेवर 2012 पासून. तरी मध्यवर तिच्या फेऱ्या मोजक्याच, कारण फलाट लांब करायचा तर सिग्नल हलवावा लागतो, सांधे (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळते ती जागा) हलवावे लागतात आणि त्यासाठी मेगाब्लॉक घ्यावा लागतो. हे काम गाडीची ऑर्डर देण्याच्या दिवशीच सुरू व्हायला हवं.

सुट्या भागांचा आणि शेडचा विचार नंतरसाठी ठेवणं

मोनोरेल आठवा. 2014 मध्ये वडाळा ते चेंबूर सुरू झाली. गाड्या परदेशी कंपनीच्या, सुटे भागही तिथलेच. पुढे कंत्राट तुटलं आणि एका गाडीचे भाग काढून दुसरी चालवायची वेळ आली. लोकलच्या नव्या ताफ्याचा करार करताना देखभाल कोण, किती वर्षं, भाग कुठे बनणार, ही पानं किमतीच्या पानाआधी वाचा.

शेडबद्दल थोडक्यात: कुर्ला, कळवा, सानपाडा, कांदिवली, विरार, मुंबई सेंट्रल. नव्या गाड्या यातल्या कुठल्या लाइनवर रात्री उभ्या राहणार, हे सांगता येत नसेल तर ऑर्डर देऊ नका. मेट्रो-3 च्या कारशेडचं आरे की कांजूरमार्ग हे भांडण कित्येक वर्षं चाललं, ते सगळ्यांनी पाहिलं आहे.

गाडी आलीच आहे आणि तक्रारी सुरू झाल्या आहेत, तर

रोज उशीर होत असेल तर आधी थांब्यांवर घड्याळ लावा. दोन-तीन स्टेशनंच बहुतेक वेळ खातात. तिथे दारापाशी माणसं उभी केली तरी फरक पडतो.

गाडी अर्धी रिकामी आणि मागची तुडुंब जात असेल, तर भाडं किंवा वेळ चुकली आहे. दुपारच्या फेऱ्या भरत नाहीत म्हणून सकाळच्या वाढवायच्या, हा उपाय नव्हे.

पावसाळ्यात एसी बंद पडली आणि ऐनवेळी तिच्या जागी साधी गाडी आली, तर आधी सांगा. एसीचा पास काढलेला माणूस दहा मिनिटं थांबून मग घामाघूम डब्यात शिरतो तेव्हा त्याला कारण नको असतं, सूचना हवी असते. सुरुवातीला एकच एसी गाडी असताना ती सोमवार ते शुक्रवार धावायची आणि शनिवार-रविवारी देखभालीला जायची. बदली गाडी नसताना ते योग्यच होतं. ताफा वाढला की निदान एक गाडी राखीव ठेवा आणि ती उद्घाटनाच्या आकड्यात मोजू नका.

डब्यांच्या जागा बदलल्या असतील तर फलाटावरच्या लेडीज आणि फर्स्ट क्लासच्या खुणाही पहिल्या फेरीआधी बदला. इंडिकेटरवर 12 डबे आहे म्हणून बायका एका खुणेपाशी उभ्या राहतात, गाडी येते 15 डब्यांची, आणि गर्दीतून तीन डब्यांचं अंतर धावत कापावं लागतं. रंगाचा एक डबा आणि रात्रीचे दोन तास, एवढ्यात होणारं हे काम आहे.