उमेदवाराच्या सुरक्षेचा खर्च प्रचारनिधीतून : नव्या खजिनदारांसाठी

अमेरिकी काँग्रेसच्या निवडणुकीत एखाद्या उमेदवाराचा हिशेब तुम्ही पहिल्यांदाच हाती घेत असाल, तर हा प्रश्न लवकरच येईल: ‘घराला कॅमेरे लावायचेत, प्रचारनिधीतून देता येतील का?’ मी बरीच वर्षं हेच काम करते. पूर्वी असं क्वचित कोणी विचारायचं. आता धमकीचे फोन येत नाहीत असा प्रचार सापडत नाही.

उत्तर बहुतेक वेळा ‘हो’ आहे, पण ते का, हे आधी समजून घ्या. प्रचारनिधी खासगी कामाला वापरता येत नाही. कसोटी अशी: ही व्यक्ती निवडणुकीला उभी नसती किंवा पदावर नसती, तरी हा खर्च झाला असता का? झाला असता, तर तो खासगी. जून २०१७ मध्ये व्हर्जिनियात खासदारांच्या बेसबॉलच्या सरावावर गोळीबार झाला, खासदार स्टीव्ह स्कलीस गंभीर जखमी झाले. पुढच्याच महिन्यात फेडरल इलेक्शन कमिशनने (एफईसी), म्हणजे फेडरल अर्थात केंद्रीय निवडणुकांच्या निधीचे नियम पाहणाऱ्या आयोगाने, खासदारांना घरातल्या अलार्म-कॅमेऱ्यांसाठी हा निधी वापरायची मुभा दिली. २०२१ मध्ये अंगरक्षकांसाठीही. १ जानेवारी २०२५ पासून मात्र रीतसर नियमच लागू आहे. त्यात उमेदवार, पदाधिकारी, त्यांचे कुटुंबीय आणि कर्मचारी येतात; कॅमेरे, कुलपं, व्यावसायिक सुरक्षारक्षक, सायबरसुरक्षा आणि कुंपण-फाटकासारखी बांधकामंही येतात. बांधकाम फक्त सुरक्षेसाठी हवं, घराची शोभा किंवा किंमत वाढवायला नको. म्हणून कंत्राटदाराकडून फाटकाचं आणि बागेच्या कामाचं कोटेशन वेगवेगळंच मागवा.

खरं काम आहे ते कागदांचं. धोका उमेदवारीमुळे किंवा पदामुळे निर्माण झालेला असला पाहिजे, आणि ते दाखवायची वेळ आली तर कागद तुमच्याकडेच मागितले जातील. धमकी आली की स्क्रीनशॉट, तारीख, व्हॉइसमेल, पोलिसांत दिलेल्या तक्रारीचा क्रमांक, सगळं एका फाईलमध्ये ठेवा आणि त्या धमकीचा प्रचाराशी काय संबंध आहे ते दोन ओळींत लिहा. हे पैसे देण्याआधी करा. घाबरलेल्या उमेदवाराला असले मेसेज डिलीट करावेसे वाटतात, ते अगदी साहजिक आहे. म्हणून पहिल्याच आठवड्यात सांगून ठेवा की पुसू नका, मला पाठवा.

फुकटच्या मदतीपासून विशेष जपा. सुरक्षा कंपनीचा मालक समर्थक असतो, ‘चार माणसं देतो, पैसे नकोत’ म्हणतो. त्याचा हेतू चांगलाच असतो. पण ती सेवा म्हणजे वस्तुरूप देणगी ठरते, आणि कॉर्पोरेशनला फेडरल उमेदवाराला देणगी देता येत नाही. बाजारभावाने बिल घ्या आणि भरा. व्यायाम करणाऱ्या पुतण्याला रक्षक म्हणून पगार देण्याचा विचारही सोडा. नियमाला खराखुरा व्यावसायिक रक्षक हवा.

एकाच विक्रेत्याला निवडणुकीच्या काळात २०० डॉलरपेक्षा जास्त दिले, की त्याचं नाव, पत्ता, रक्कम, तारीख आणि कारण एफईसीला द्यायच्या अहवालात जातं. तो अहवाल कोणालाही वाचता येतो, धमकी देणाऱ्यालाही. कारण स्पष्ट लिहा, पण रक्षक कोणत्या वेळी कुठे असतात किंवा कॅमेरे कुठल्या बाजूला आहेत, असला तपशील त्यात येऊ देऊ नका. तो तुमच्या फाईलमध्येच राहू दे.

माझा एक आग्रह आहे. बजेट करताना सुरक्षेची रक्कम पहिल्या दिवशीच वेगळी काढा. विद्यमान खासदाराला सभागृहाकडूनही मदत मिळते. नव्याने उभ्या राहिलेल्या शिक्षिकेला किंवा नर्सला फक्त हाच निधी असतो, आणि तिची मुलं त्याच घरात राहतात. जाहिरातीचा एक आठवडा कमी झाला तरी चालेल.

हे सगळं फेडरल निवडणुकांपुरतं. राज्याच्या विधिमंडळासाठी लढणाऱ्यांना एफईसीचा नियम लागू नाही. जून २०२५ मध्ये मिनेसोटात आमदार मेलिसा हॉर्टमन आणि त्यांच्या पतीची घरातच हत्या झाली, तेव्हापासून राज्यपातळीवरचे उमेदवारही हेच विचारू लागले आहेत. प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा आहे, तेव्हा तिथल्या निवडणूक कार्यालयाला लेखी विचारा आणि उत्तरही लेखीच घ्या.