फाइलींसाठी पेनड्राइव्हच्या फेऱ्या थांबवा

गोव्यातल्या जुन्या घरांच्या चिऱ्यांच्या जाड भिंतींतून आतल्या खोलीपर्यंत वायफाय जेमतेम पोचतं. चवथीचे व्हिडिओ एका संगणकातून दुसऱ्यात न्यायचे असतील, तर दोन्ही संगणक लॅन केबलने राउटरला जोडा. केबल कॅट-५ई किंवा कॅट-६ घ्या. राउटरचे पोर्ट १०० एमबीपीएसचे (सेकंदाला १०० मेगाबिट; आठ बिट म्हणजे एक बाइट) असले तर सेकंदाला साधारण ११ एमबी (मेगाबाइट) जातात, गिगाबिटचे, म्हणजे त्याच्या दहापट वेगाचे, असले तर ११० पर्यंत. पावसाळ्यात इंटरनेट गेलं तरी हे चालतं, कारण फाइल घराबाहेर जातच नाही. फक्त राउटरला वीज हवी.

पहिल्या, म्हणजे फाइली असलेल्या, संगणकावर विंडोजमध्ये नेटवर्क ‘प्रायव्हेट’ करा. बहुतेकांचं अडतं ते इथेच: ‘पब्लिक’वर फायरवॉल (बाहेरून येणाऱ्यांना अडवणारी विंडोजची राखण) सहसा दुसऱ्या संगणकाला आत घेत नाही. मग फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, शेअरिंग. सगळा ड्राइव्ह मुळीच उघडू नका, देवाणघेवाणीसाठी एकच वेगळा फोल्डर ठेवा.

दुसऱ्या संगणकावर फाइल एक्सप्लोररच्या पत्त्याच्या पट्टीत दोन उलट्या तिरक्या रेघा (\\) आणि त्यापुढे पहिल्या संगणकाचा आयपी पत्ता (नेटवर्कवरचा त्याचा आकडी पत्ता) टाइप करा. तो पासवर्ड मागेल. इथे रोजचा चार आकडी पिन चालत नाही, पहिल्या संगणकावरच्या खात्याचा खरा पासवर्डच लागतो, आणि खात्याला पासवर्डच नसेल तर विंडोज नेटवर्कवरून आत सोडत नाही. आधी तो ठेवून घ्या.

आणि हो, विजा चमकायला लागण्याआधीच राउटरचा प्लग, बाहेरून येणारी वायर आणि लॅन केबली काढून ठेवा.